नजर गेल्यावर घर, अंगण आणि वावर

मोतीबिंदू असला तर ऑपरेशन होतं, नंबर असला तर चष्मा लागतो. पण काचबिंदू फार पुढे गेला, साखरेमुळे डोळ्याचा पडदा खराब झाला किंवा बुबुळावर फूल पडलं, की डॉक्टर सांगतात, आता याहून जास्त दिसणार नाही. ही बातमी घरी पोहोचली की दुसऱ्या दिवसापासून माणूस ओसरीतल्या खाटेवर येतो. चहा खाटेवर, जेवण खाटेवर, आंघोळीला मुलगा हात धरून नेणार तेव्हाच. हे सगळं मायेपोटीच होतं, यात शंका नाही. पण सहा महिन्यांत गुडघे आखडतात, साखर वाढते, रात्रीची झोप उडते, बोलणं कमी होतं. घरच्यांना वाटतं हे सगळं नजर गेल्याने झालं. त्यातलं बरंचसं बसवून ठेवल्याने झालेलं असतं.

म्हणून माझं सांगणं असं, की कुठलंही उपकरण आणण्याआधी घरातल्या वस्तूंच्या जागा पक्क्या करा. पहिल्या महिन्यात पाणी घेणं, आंघोळ आणि संडासला जाणं ही तीन कामं त्या माणसाला कुणाला हाक न मारता करता आली पाहिजेत. ही तीन जमली की बाकीचं शिकायची उमेद आपोआप येते. ही राहिली, तर हातात हजारो रुपयांची काठी देऊनही माणूस खाट सोडत नाही.

जागा पक्की करणं म्हणजे काय, ते नीट सांगतो. खाट भिंतीला लागून ठेवायची आणि तिची दिशा कधी बदलायची नाही. पाण्याचा तांब्या खाटेच्या उशाकडे स्टुलावर, तोही मागच्या कडेला भिंतीशी, म्हणजे हात फिरवताना कलंडत नाही. चपला खाटेखाली नाही, तर पायथ्याच्या खुराला टेकून. काठी खुंटीला टांगलेली. दार एक तर पूर्ण उघडं किंवा पूर्ण बंद, कारण अर्धवट उघड्या दाराची कड सरळ कपाळावर किंवा नाकावर बसते. वाटेत बकेट, गंज (पातेलं), पोतं, मोटारसायकल, पोराची सायकल ठेवायची नाही. सर्वांत जास्त ठेचा जिथे लागतात ती जागा म्हणजे ओसरी उतरून अंगणात यायची पायरी. तिथे पायरीच्या आधी एक हात रुंद तरटाचा पट्टा चारही कोपऱ्यांना खिळे मारून बसवा. पायाला तरट लागलं की पुढे उतार आहे हे कळतं. खिळे न मारता नुसतं टाकलं तर तेच तरट पायात गोळा होऊन पाडतं.

ज्यांना थोडं दिसतं त्यांच्यासाठी पायरीच्या कडेला चार बोटं रुंद पिवळा ऑइल पेंट मारा. पांढऱ्या भिंतीवर पांढरं बटण दिसत नाही, भोवती काळी टेप चिकटवली की दिसतं. स्टीलच्या ताटात दही-भात दिसत नाही, गडद रंगाच्या ताटलीत दिसतो. उजेड नेहमी पाठीमागून किंवा बाजूने येऊ द्या, समोरच्या उघड्या दारातून येणारा प्रकाश उरलेली नजरही मारतो. रात्री लाईन गेली की कमी दिसणाऱ्या माणसाची धांदल उडते, पूर्ण अंध माणसाला काहीच फरक पडत नाही. घरच्यांनी हा फरक लक्षात ठेवावा.

अंगणात खरा धोका डोक्याच्या उंचीवर असतो. टिनाच्या छपराची कड, कपडे वाळत घालायची तार, उभ्या बंडीचं जू, बांधून ठेवलेल्या कडब्यातून बाहेर आलेला बांबू. पांढरी काठी जमिनीलगतचं सांगते, कमरेच्या वरचं काहीच सांगत नाही. टिनाच्या कडेला जुन्या सायकलचा ट्यूब उभा चिरून बसवा आणि तार वाटेवरून हलवा. हलवता येत नसेल तर तिला छातीपर्यंत लोंबतील अशी फडकी बांधा. अनोळखी जागी चालताना एक हात कोपरात वाकवून, तळवा बाहेर, कपाळापुढे वीतभर अंतरावर धरायचा. दिसायला विचित्र वाटतं म्हणून लोक हे करत नाहीत, आणि मग टाके घालावे लागतात.

ढोरांच्या गळ्यात घंटी असू द्या. बैल कुठे उभा आहे, गाय खुंट्यावरून सुटली का, हे तिच्यावरून कळतं. दावं मात्र वाटेत आडवं येणार नाही इतकं आखूड बांधा. आणि एक गोष्ट डोळस माणसाच्या लक्षातच येत नाही. टिनावर जोराचा पाऊस सुरू झाला की अंध माणसाच्या सगळ्या खुणा एकदम पुसल्या जातात. घंटी ऐकू येत नाही, चुलीचा आवाज नाही, कोण आलं-गेलं ते कळत नाही. पावसात तो माणूस जागचा हलत नसेल तर त्याला भित्रा म्हणू नका.

संडासापर्यंतची दोरी

गावात संडास बहुधा सांदवाडीच्या (घरामागच्या मोकळ्या जागेच्या) टोकाला असतो. तिथवरची वाट म्हणजे माणसाच्या इज्जतीचा प्रश्न, म्हणून इथे वेळ आणि पैसा दोन्ही घालवावेत.

आठ मिलिमीटर जाडीची नायलॉनची दोरी घ्या. सुंभ पावसात कुजतो, बाइंडिंग तारेने हात कापतो. खांबासाठी मनगटाएवढे बांबू घ्या, सात-आठ फुटांवर एक. आपल्या काळ्या मातीत ही सर्वांत चुकणारी गोष्ट आहे: माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि खांब कलतो. म्हणून दोन फूट खोल खड्डा घेऊन त्यात मुरूम आणि दगड ठोकून भरा, काढलेली काळी माती परत लोटू नका. बांबूची पेरं तासून घ्या, कुसळ हातात गेलं की माणूस दोरीला हात लावायचं सोडतो.

दोरी त्या माणसाच्या कमरेच्या उंचीवर, जाताना उजव्या हाताला येईल अशी. दोरी मुठीत धरून चालायचं नाही, बोटांची मागची बाजू तिला घासत न्यायची. मुठीत धरली की माणूस तिच्यावर भार टाकतो, आणि दोरी भार घेण्यासाठी नसते. गुडघे कमजोर असतील तर दोरीऐवजी सव्वा इंची लोखंडी पाइपचा कठडाच लावावा. वळणाच्या दोन फूट आधी एक गाठ, पायरीच्या आधी दोन, दाराच्या आधी तीन. शेवटचं टोक थेट दाराच्या कडीजवळ. दर पंधरा दिवसांनी दोरी ताणून बांधा, नायलॉन सैल पडतोच. घरात एक नियम करा: या दोरीवर कपडे वाळत घालायचे नाहीत आणि बकरी बांधायची नाही. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी हे करतं.

संडासात पाण्याचा ड्रम नेहमी डाव्या कोपऱ्यात, पाणी घ्यायचा मग ड्रमच्या कानाला दोरीने बांधलेला. सुटा मग खाली पडला की तो शोधण्यात माणसाची सगळी हिंमत जाते. पडलेली वस्तू शोधायची पद्धतही शिकवा: आवाज कुठून आला ते ऐकायचं, तिकडे तोंड करून उकिडवं बसायचं, डोकं पुढे न झुकवता. मग तळवा जमिनीला टेकवून जवळून दूर असे वाढते फेरे घ्यायचे. वाकून शोधताना कपाळ ड्रमवर किंवा खाटेच्या माच्यावर आपटतं.

रात्रीचा प्रश्न सापाचा. मण्यार रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात येते, घोणस गवतात आणि सरपणाजवळ पडून असते. म्हणून झोप खाटेवर आणि मच्छरदाणी गादीखाली खोचलेली असावी. पाय खाली टाकण्याआधी काठी खाटेखाली आणि चपलांवर फिरवायची. सरपणाचा ढीग दोरीच्या वाटेपासून लांब हलवा.

चूल, गॅस आणि ताट

सासूबाईंची किंवा आईची नजर गेली की आधी तिचं स्वयंपाकघर सुटतं. भाजेल, पेटेल ही भीती खरी आहे. पण चाळीस वर्षं भाकरी केलेल्या हाताला डोळ्यांची गरज आपल्याला वाटते त्याहून कमी असते.

सुरुवात थंड गॅसवर करा. बर्नर न पेटवता तवा ठेवायला लावा, स्टँडच्या चारही दांड्या बोटाने चाचपून तवा मधोमध आला का ते पाहायला लावा. रोज दहा-पंधरा वेळा, आठवडाभर. मग पेटवताना क्रम असा: भांडं आधी बर्नरवर, लायटर बर्नरशी, आणि मगच बटण फिरवायचं. काडीपेटी नको. पदर कमरेला खोचलेला, बाह्या कोपराच्या वर. चुलीवर असेल तर लाकडं एकाच बाजूने आत सरकवायची आणि बाहेर आलेली टोकं नेहमी उजव्या हाताला. चिमटा हातभर लांब.

ज्वारीच्या भाकरीत अडचण येते ती उलटायच्या वेळी. तव्यावर टाकून वरून पाणी फिरवलं की डोळस बाई ते सुकताना पाहते. न बघता ते बोटाच्या मागच्या बाजूने कळतं: मधोमध हलकेच टेकवून उचलायचं. ओल लागली तर थांबायचं. ओल लागेनाशी झाली आणि कड किंचित सुटलेली जाणवली की उलटायची. पोटाच्या बाजूने टेकवू नका, बोटाची पोटं जपायची असतात, पुढे नोटा, औषधं, सगळं त्यांच्यावरच ओळखायचं असतं. भाकर शेकत आली की वास बदलतो, आणि फुगताना वाफ निघाल्याचा आवाज येतो. पहिले काही दिवस काठ कच्चे राहतात, कारण तवा मध्यावर आलेला नसतो. भाकर करपली म्हणून काम काढून घेऊ नका.

चहा पातेल्यातून कपात ओतणं हे सर्वांत जास्त भाजणारं काम. ओतायचंच नाही. पळीने काढायचा, कप ताटलीत ठेवायचा, आणि आपल्या कपात किती पळ्या बसतात हे आधी गार पाण्याने मोजून ठेवायचं. मीठ आणि साखर वेगळ्या आकाराच्या डब्यांत. तिखट-हळदीच्या डब्यातल्या वाट्यांचा क्रम कुणीही बदलू नये.

ताट वाढताना नवीन काही शिकायची गरज नाही, आपल्याकडची डावी-उजवी बाजू आहेच. मीठ वर मध्ये, चटणी-लोणचं डावीकडे, भाजी-वरण उजवीकडे, भाकर किंवा भात समोर. वाढणाऱ्याने हा क्रम मोडायचा नाही आणि बसताना एकदा सांगायचं, "बाबा, आज उजवीकडं भरीत हाय, वरण पातळ हाय." घास तोंडात भरवू नका.

विषारी औषधांबद्दल इथेच सांगतो, कारण चूक स्वयंपाकघराच्या फळीवरच होते. उरलेलं कीटकनाशक थंड पेयाच्या बाटलीत भरून ठेवायची सवय ज्या घरात आहे, त्या घरात अंध माणूस सुरक्षित नाही. ते मूळ डब्यात, कुलूपबंद पेटीत, गोठ्याकडे ठेवा.

औषधांच्या बाटल्या

डोळ्यांत टाकायच्या थेंबांच्या बाटल्या हाताला सारख्याच लागतात. सकाळच्या बाटलीला एक रबर, संध्याकाळच्या बाटलीला दोन, दोन्ही वेळच्या बाटलीला चिकटपट्टी. दोन वेगळे थेंब असतील तर मध्ये निदान पाच मिनिटं जाऊ द्या, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन काढतो. थेंब टाकल्यावर डोळा मिटून नाकाकडचा कोपरा एक-दोन मिनिटं दाबून धरावा. फोडलेली बाटली साधारण महिन्याने टाकून द्यावी. काचबिंदूत उरलेली नजर या थेंबांवरच टिकते, आणि दिसत नाही म्हणून थेंब बंद करणारे लोक पुष्कळ आहेत.

इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांशी पेनबद्दल बोलावं. बहुतेक पेनांत फिरवताना एक टिक म्हणजे एक युनिट, त्यामुळे मात्रा ऐकून मोजता येते. बाटली आणि सिरिंज वापरायचीच असेल तर ४० ची (दर मिलिलिटरला ४० युनिट) बाटली आणि ४० चीच सिरिंज आहे ना, हे डोळस माणसाकडून दर नव्या खोक्याला तपासून घ्या. ४० ची आणि १०० ची सिरिंज अदलाबदल झाली तर मात्रा अडीच पट चुकते.

काठी, पांदण, नाली

पांढऱ्या काठीची उंची जमिनीपासून छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत. भरभर चालणाऱ्याला थोडी लांब चालते. आखूड काठी हातात आली तर ती म्हाताऱ्याच्या आधाराच्या काठीसारखी वापरली जाते आणि खड्डा पाय पडल्यावरच कळतो. मूठ पोटाच्या मध्यासमोर, टोक खांद्यांच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच बाहेर जाईल एवढं डावी-उजवीकडे. डावा पाय पुढे पडतो तेव्हा टोक उजवीकडे, उजवा पडतो तेव्हा डावीकडे, म्हणजे पुढचं पाऊल जिथे पडणार ती जागा आधी तपासली जाते. ताल चुकला तर थांबून पुन्हा सुरुवात करायची.

ही पद्धत शहरातल्या फुटपाथवर सोपी. आपल्याकडे मृगाचा पाऊस पडला की काळ्या मातीचा गोळा टोकाला चिकटतो, काठी जड होते आणि सारखं सगळं "धप" वाजतं. चिखलात टोक घासत नेऊ नका, उचलून दोन बाजूंना टेकवा, आणि दर थोड्या अंतराने दगडावर आपटून माती पाडा. बारीक पेन्सिलसारखं टोक चिखलात आणि चैत्र-वैशाखाच्या भेगांत रुततं. जाड, गोल टोक घ्या. घडीच्या काठीच्या सांध्यांत माती गेली की ती घट्ट बसते किंवा अर्धवट सुटते, म्हणून घरी आल्यावर धुऊन पुसून ठेवा. आतला इलॅस्टिक सैल झाला की चालता चालता काठी घडी होते. तो बदलता येतो, काठी फेकू नका.

पांदणीला बंडीची चाकोरी ही उत्तम खूण आहे. चाकोरीची कड काठीने धरून चाललं तर माणूस वावरापर्यंत बरोबर पोहोचतो. ट्रॅक्टरने पांदण उखडली की ही खूण जाते, तेव्हा धुऱ्याच्या (बांधाच्या) कडेचं गवत धरावं. गावातल्या सिमेंट रस्त्याला उघडी नाली असते. तिची कड काठीला सतत लागू द्यायची, पण पाय तिच्यापासून एक पाऊल आत ठेवायचा. दोन गोष्टींना मात्र काठी पुरत नाही. एक, कठडा नसलेली विहीर, तिच्या वाटेवर अंध माणसाने एकट्याने जाऊच नये. दुसरी, रोही (नीलगाय) आणि रानडुकरांसाठी लावलेलं झटका मशीनचं कुंपण. कुणाच्या वावराला ते आहे, हे आधी विचारून त्या बाजूची वाट सोडावी.

आयआयटी दिल्लीने विकसित केलेली स्मार्टकेन गुडघ्याच्या वरच्या अडथळ्याची सूचना मुठीतल्या कंपनाने देते. टिनाची कड, बंडीचं जू यासाठी ती उपयोगी आहे. बारीक तार ती प्रत्येक वेळी पकडेलच असं धरून चालू नका. आधी साधी काठी पक्की शिकावी, मग ही.

सोबत कुणी असेल तर गावात एक रीत आहे, काठीचं दुसरं टोक धरून अंध माणसाला ओढत न्यायची. ती सोडा. काठीतून पायरी, चढ, वळण यातलं काहीच कळत नाही. अंध माणसाने सोबत्याचा दंड कोपराच्या वर धरावा आणि अर्धं पाऊल मागे चालावं, सोबत्याचं शरीर वर-खाली झालं की ते आपोआप कळतं. बाईमाणसाला परक्याचा दंड धरणं अवघड वाटत असेल तर खांद्यावर हात चालतो. अरुंद जागी सोबत्याने हात पाठीमागे न्यावा, म्हणजे मागचा माणूस सरळ रेषेत येतो. पायरीपाशी थांबून "वर" की "खाली" ते सांगायचं. मागून ढकलायचं नाही.

आणि भेटायला येणाऱ्यांना एक विनंती. "ओळखलं काय मले?" हा खेळ खेळू नका. आल्यावर नाव सांगा, जाताना जातो म्हणून सांगा. माणूस उठून गेलेला असतो आणि हा रिकाम्या खुर्चीशी बोलत राहतो, त्याचं दुःख ज्याचं त्यालाच कळतं. "तिकडं हाय" ऐवजी "उजव्या हाताला, दोन पावलांवर" म्हणा.

नजर गेली की कान आपोआप तीक्ष्ण होतात असं समजू नका. कान तेच असतात, लक्ष देण्याची सवय वाढते, तीही सरावाने. अमरावती जिल्ह्यातल्या माधानच्या गुलाबराव महाराजांना (१८८१–१९१५) लोक प्रज्ञाचक्षू म्हणतात. तान्हेपणी नजर गेलेली असून त्यांनी एवढी ग्रंथरचना केली, ते थोरच. पण प्रत्येक अंध माणसाकडून चमत्काराची अपेक्षा ठेवणं हा त्याच्यावर अन्याय आहे. त्याला आपल्या वाटेने संडासला आणि बाजारात जाता आलं पाहिजे, एवढं आधी बघा.

नोटा ओळखणं

आठवडी बाजारात फसवणूक होते ती इथे. नव्या नोटांची लांबी अशी: १० ची १२३ मिलिमीटर, २० ची १२९, ५० ची १३५, १०० ची १४२, २०० ची १४६, ५०० ची १५०. रुंदी १० आणि २० ची ६३, बाकीच्यांची ६६. म्हणजे १००, २०० आणि ५०० मध्ये ओळीने चार-चारच मिलिमीटरचा फरक. जाड पुठ्ठ्याची पट्टी घ्या, एका टोकाला आडवी काडी चिकटवा, तिथून या मापांवर खाचा पाडा. नोट काडीला टेकवून सरळ पसरायची आणि दुसरं टोक कुठल्या खाचेवर येतं ते नखाने पाहायचं. वहीत ठेवून सपाट केलेल्या नोटांवर आधी सराव करा.

गोंधळ होतो जुन्या नोटांनी, आणि त्या अजून चलनात आहेत. जुनी १०० ची नोट १५७ मिलिमीटर, म्हणजे नव्या ५०० पेक्षा लांब. जुनी २० ची १४७, म्हणजे नव्या २०० च्या जवळपास तेवढीच! इथे रुंदी उपयोगी पडते: जुनी १०० ची ७३ मिलिमीटर रुंद आहे, जुनी २० ची फक्त ६३. म्हणून पट्टीवर रुंदीच्याही तीन खाचा हव्यात, ६३, ६६ आणि ७३. नवी, कोरी नोट असेल तर कडेच्या उंच रेषाही लागतात, १०० आणि २०० ला चार, ५०० ला पाच. घामट, मळलेल्या नोटेवर त्या लागत नाहीत. २० चं नाणं बाराकोनी आहे, ते लगेच ओळखू येतं.

घरून निघतानाच नोटा लावून ठेवा: १०० सरळ, २०० एक घडी, ५०० दोन घड्या, सुटे वेगळ्या खिशात. रिझर्व्ह बँकेचं मनी नावाचं ॲप नोट ओळखून सांगतं आणि इंटरनेटशिवाय चालतं. बाजारात मात्र फोन बाहेर काढून नोट समोर धरण्यापेक्षा बोटं बरी.

फोन

वय जास्त आणि स्मार्टफोन कधी वापरला नसेल तर आधी बटणांचाच फोन द्या. ५ च्या बटणावर उंच ठिपका असतो, तिथून सगळे आकडे सापडतात. २ वर मुलगा, ३ वर मुलगी, ४ वर आशाताई, असे नंबर जोडून ठेवा. बटण दाबून धरलं की फोन लागतो. अशा फोनवरूनही पैसे पाठवता येतात, २०२२ पासून यूपीआय १२३पे ही सोय आहे.

अँड्रॉइड फोनमध्ये पडद्यावरचं बोलून वाचणारा टॉकबॅक आधीच असतो, सेटिंग्जमधल्या ॲक्सेसिबिलिटीत. सुरू केल्याबरोबर घरचे घाबरतात, "फोन बिघडला" म्हणून. बिघडत नाही. एकदा बोट लावलं की तो फक्त नाव वाचतो, उघडायला दोनदा टिचकी मारावी लागते. पुढच्या गोष्टीवर जायला एका बोटाने उजवीकडे सरकवायचं, पान वर-खाली करायला दोन बोटांनी. नव्या फोनांत दोन बोटांनी दोनदा टिचकी मारली की आलेला फोन उचलला जातो. आवाज मराठी करायला टेक्स्ट टू स्पीच मध्ये मराठी निवडून आवाजाची फाइल आधी वायफायवर उतरवून घ्या, गावात नेटवर्कवर ती अर्धी राहते. बोलण्याचा वेग सुरुवातीला कमी ठेवा. बोलून लिहिताना इअरफोन लावा, नाहीतर टॉकबॅकचंच बोलणं माइक लिहून घेतो. पिन टाकतानाही इअरफोन हवाच. रस्त्यावर चालताना मात्र दोन्ही कान मोकळे.

ब्रेलबद्दल माझं मत स्पष्ट आहे. मूल असेल तर ब्रेल शिकलंच पाहिजे. ऐकून शिकलेल्या मुलाला शुद्धलेखन आणि गणित अडतं. वरोऱ्याजवळच्या आनंदवनात अंध विद्यालय आहे, नागपुरातही आहे, तिथे जाऊन चौकशी करा. पण पन्नाशीतल्या शेतकऱ्याच्या घट्टे पडलेल्या किंवा साखरेने बधिर झालेल्या बोटांना ठिपके वाचता येत नाहीत. त्याच्यावर ते लादू नका.

वावरातलं काम

धार काढणं, ढोरांना चारा-पाणी, बकऱ्या सांभाळणं, शेंगा फोडणं, तूर पाखडणं ही कामं नजरेशिवाय होतात. टोबणी (भोक पाडून बी टाकणं) तर छान होते. सुताच्या दोरीला हव्या त्या अंतरावर, समजा दीड फुटावर, गाठी मारा. दोन्ही टोकांना खुंट्या ठोकून दोरी ताणा. माणूस बसत बसत दोरीने पुढे जातो, प्रत्येक गाठीशी दोन बोटं खोल भोक, दोन दाणे, माती. ओळ झाली की दोन्ही टोकांच्या खुंट्या काठीने मोजून पुढे सरकवायच्या. सुताची दोरी ओली झाली की आखडते आणि अंतर बदलतं, म्हणून नायलॉनची मिळाली तर बरी. कापूस वेचताना ओळ सुटू नये म्हणून धुऱ्यावर कुणीतरी बोलत राहावं, नाहीतर रेडिओ लावून ठेवावा. बोंडाच्या टोकांनी बोटं सोलतात, पहिले काही दिवस बोटांची टोकं मोकळी ठेवून बाकी बोटांना पट्ट्या गुंडाळा.

कडबाकुट्टी आणि मळणी यंत्राजवळ जायचं नाही. फवारणी तर नाहीच. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक जीव गेले, तेही डोळस माणसांचे. अंगावर किती उडतंय, वारा कुठून आहे, नळी कुठे गळतेय हे न दिसणाऱ्याने तो पंप पाठीवर घेऊ नये.

भास आणि उरलेला डोळा

नजर गेल्यावर काही जणांना नसलेल्या गोष्टी दिसू लागतात: जाळ्या, फुलं, बारकी माणसं, घोडे. आवाज नसतो, नुसतं दिसतं. याला चार्ल्स बोनेट सिंड्रोम म्हणतात. डोळ्यांकडून काही येईनासं झालं की मेंदूचा पाहणारा भाग स्वतःहून चित्रं तयार करतो. हे वेड नाही आणि बाहेरची बाधाही नाही. लोक सांगायला भितात आणि कळलं की घरचे भगताकडे नेतात. डोळे इकडेतिकडे फिरवले, पापण्या मिटून उघडल्या, उजेड केला की चित्र बऱ्याचदा जातं. अनेकांत काळानुसार कमी होतं. आवाजही ऐकू येत असतील किंवा माणूस गोंधळलेला असेल तर मात्र डॉक्टरांना दाखवा, कारण वेगळं असू शकतं.

एका डोळ्याने दिसत असेल तर त्या डोळ्याची राखण करा. पऱ्हाटीची काडी, तुराटी, ज्वारीचं पान बुबुळाला लागलं की त्या ओरखड्यात बुरशी शिरते. सुरुवातीला नुसतं टोचतं, चार-आठ दिवसांत पांढरा डाग दिसतो. जिभेने कचरा काढून घेणं, दूध किंवा मध घालणं, मेडिकलमधून "लालीचे थेंब" आणणं, हे तिन्ही टाळा. त्या थेंबांत स्टेरॉइड असेल तर बुरशी झपाट्याने पसरते आणि डोळा जातो. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जा. तूर कापताना आणि मळणीच्या वेळी साधा प्लॅस्टिकचा गॉगल लावा.

कागदपत्रं

यूडीआयडी कार्डाचा (दिव्यांगांच्या ओळखपत्राचा) अर्ज स्वावलंबन पोर्टलवर सेतू केंद्रातून भरता येतो, तपासणी सरकारी रुग्णालयात होते. डोळ्यांचे जुने सगळे कागद सोबत न्या. योजनांसाठी कमीत कमी ४० टक्के दिव्यांगत्व लागतं. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असेल तर ३० टक्केच धरतात, त्यामुळे त्या आशेवर जिल्ह्याला खेटे घालू नका. कार्ड झालं की एसटीच्या तिकिटात ७५ टक्के सवलत आहे. संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज तहसीलला जातो. काठी आणि इतर साहित्य केंद्र सरकारच्या एडिप योजनेच्या शिबिरात मिळतं. शिबिरातली काठी घेताना तिथेच उभं राहून छातीशी मापून पाहा आणि आखूड असेल तर बदलून मागा. बँकेत अंध म्हणून एटीएम किंवा चेकबुक नाकारलं तर रिझर्व्ह बँकेच्या २००८ च्या सूचनेचा उल्लेख करून लेखी कारण मागा.

ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करावा लागतो. त्यातून साहित्य किंवा मदत मागायचा अर्ज ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (आधीचं नाव ग्रामसेवक) लेखी द्या, दुसऱ्या प्रतीवर सही-शिक्क्यासह पोच घ्या, आणि घराजवळची नाली झाकणं, वाटेवरच्या विहिरीला कठडा बांधणं हे विषय पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत यावेत म्हणून वेगळा अर्ज सभेच्या आधीच देऊन ठेवा.